सुराच्या मडक्यात साखर जाते कुठे?

गोव्यात पहाटे माडावरून उतरवलेला सूर, म्हणजे माडाचा रस, जवळजवळ उसाच्या रसाइतका गोड असतो. उन्हं वर येईपर्यंत त्याला फेस धरतो आणि घोट घेतला की जिभेवर चुरचुरतं. संध्याकाळपर्यंत त्यात चढण्याइतकी दारू झालेली असते, एक-दोन दिवसांत तो आंबून जातो, आणि तोंड फडक्याने बांधून तसाच राहू दिला तर काही आठवड्यांनी विंदालूत आणि रेशाद मसाल्यात घालायचं व्हिनेगर हाती येतं. (तळकोकणात जिला माडी म्हणतात तीच ही.) रेंदेरानं, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्यानं, वरून काहीही घातलेलं नसतं. साखर मात्र संपलेली असते. ती कुणी खाल्ली, खाऊन त्याला काय मिळालं आणि त्याचं उरलेलं आपल्या स्वयंपाकघरात कसं आलं, हे नीट पाहिलं तर जिवाणूंच्या जगण्याचा बराचसा हिशेब समजतो.

खाणारे दोन जातीचे. एक यीस्ट, म्हणजे बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावात आज जे विकतचं यीस्ट पडतं त्याचेच हे रानटी भाऊबंद. पूर्वी पाव फुगवायला सूरच वापरत, आणि इडलीसारख्या सान्नांच्या पिठात तर अजूनही कित्येक घरांत घालतात. दुसरे जिवाणू. यीस्टचं कौतुक भरपूर झालंय, त्यामुळे इथे मी जिवाणूंच्याच बाजूने बोलणार आहे. ते पोयीच्या, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या, सालीवर असतात, रेंदेराच्या कातीवर (सुरीवर) असतात, रसाला लुचायला येणाऱ्या माश्या-मुंग्यांच्या पायांवर असतात. मातीच्या मडक्याच्या बारीक छिद्रांत तर कालचेच बसलेले असतात.

ताज्या रसात साधारण १२ ते १८ टक्के साखर असते आणि ती बहुतेक सगळी सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो तीच. सुक्रोजचा रेणू दोन साखरांचा जोड आहे: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. हा जोड बरेच जिवाणू पेशीच्या बाहेरच तोडतात. त्यासाठी ते एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, बाहेर सोडतात, आणि तुटलेले तुकडे मग आत घेतात. इथे एक गंमत होते. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू सुक्रोज तोडताना सुटलेली ऊर्जा वाया न घालवता तिच्यावरच ग्लुकोजच्या लांबच लांब माळा ओवतात. त्याला डेक्स्ट्रान म्हणतात. कधीकधी सूर बुळबुळीत होऊन ओतताना त्याची तार निघते, ती या माळांमुळे. आपल्या दातांवरचे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स जिवाणू हेच करतात. दोदोल खाल्ल्यावर त्यातल्या सुक्रोजपासून ते चिकट थर विणतात आणि त्या थराच्या आडोशाला बसून आम्ल सोडतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचं एनॅमल विरघळू लागतं.

पुढचा प्रश्न आत शिरण्याचा. जिवाणूच्या पेशीभोवतीचं पटल स्निग्ध असतं, साखर त्यातून आपोआप झिरपत नाही. तिच्यासाठी प्रथिनांची दारं ठेवलेली असतात. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूचं दार फार हुशार आहे. ग्लुकोज आत येता येताच तिच्यावर फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. फॉस्फेट लागलेल्या ग्लुकोजला विद्युतभार असतो, त्यामुळे तिला पटलातून मागे फिरता येत नाही. शिवाय पेशीत साखर वापरण्याची पहिली पायरीही फॉस्फेट लावण्याचीच असते, तेव्हा आत घेणं आणि कामाला लावणं एकाच खर्चात होतं. ही यंत्रणा १९६४ मध्ये सॉल रोझमन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सापडली, आणि त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांत सुधामय घोष हे भारतीय नाव आहे. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

सुरातल्या ज्या जिवाणूबद्दल मला मुख्यतः सांगायचं आहे, त्या झायमोमोनास मोबिलिसचं दार मात्र अगदी साधं आहे. बाहेर साखर जास्त, आत कमी, की ती आपली आत येत राहते. फॉस्फेट वगैरे काही नाही. गोड रसातच जन्म काढणाऱ्याला परवडणारी ही चैन आहे. ताडामाडाच्या रसात तो जगभर सापडतो, आणि मेक्सिकोत आगेव्हच्या रसापासून जी पुल्के करतात तिच्यातही. त्याला ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज एवढंच चालतं. दुधातली साखर समोर ठेवली तर तो उपाशी राहील.

आता ऊर्जेकडे. पेशीतला व्यवहार साखरेत होत नाही, एटीपी नावाच्या रेणूत होतो. साखर ही मोठी नोट धरली तर एटीपी म्हणजे सुटे पैसे. प्रथिनं बांधायची, डीएनएची नक्कल करायची, शेपटी हलवून पोहायचं, प्रत्येक कामाला सुटेच लागतात. एक अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीत जोडायला साधारण चार एटीपींचा खर्च आहे आणि एकेका प्रथिनात अशी शेकडो अमिनो आम्लं असतात. म्हणजे मोड सतत हवी.

ती मिळवण्याचा सगळ्यात परिचयाचा मार्ग म्हणजे ग्लायकोलिसिस. दहा पायऱ्यांत ग्लुकोजच्या सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्याला पायरुव्हेट म्हणतात. सुरुवातीला दोन एटीपी गुंतवावे लागतात, पुढे चार मिळतात, हातात दोन उरतात. झायमोमोनास हा मार्ग धरतच नाही. त्याच्या मार्गाचं नाव एंटनर-दूदोरॉफ. १९५२ मध्ये नेथन एंटनर आणि मायकेल दूदोरॉफ यांनी तो एका वेगळ्याच जिवाणूत शोधला. त्यातूनही शेवटी दोन पायरुव्हेटच मिळतात, पण एटीपीची निव्वळ कमाई फक्त एक. एवढ्या गोड रसात बसून एका ग्लुकोजमागे एकच एटीपी!

हा वेडेपणा वाटतो. पण या मार्गाला एन्झाइमं कमी लागतात, म्हणजे तेवढी प्रथिनं बनवायचा खर्च वाचतो आणि साखर भराभर पुढे सरकते. साखरेचा तुटवडाच नसेल तर दर रेणूमागे किती मिळालं यापेक्षा दर मिनिटाला किती मिळालं हे महत्त्वाचं. तरीही एकेक एटीपीवर गुजराण करायची तर प्रचंड साखर उपसावी लागते, आणि झायमोमोनास ती उपसतो. त्याच्या पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मी याच एका कामाला जुंपलेली असतात.

इथे कुणी विचारेल की पायरुव्हेट झालं, एटीपी मिळाले, मग दारू आणि आम्ल कशासाठी? पाठ्यपुस्तकं इथे घाईने पुढे जातात, खरी मेख मात्र इथेच आहे. ग्लुकोज तोडताना तिच्यातले काही इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. ते एनएडी नावाचा वाहक रेणू घेतो. पेशीत हे वाहक मोजकेच असतात. सगळे भरले आणि रिकामे झालेच नाहीत, तर पुढचं ग्लुकोज तोडता येणार नाही. बाहेर साखरेचा महापूर असला तरी पेशी अडकून पडेल. तेव्हा हे इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकणं भाग असतं. जवळ ऑक्सिजन असेल तर तो घेतो. फेसाळलेल्या मडक्याच्या तळाशी ऑक्सिजन नसतो, म्हणून पेशी ते पायरुव्हेटच्याच गळ्यात मारते. पायरुव्हेटनं ते थेट घेतले की लॅक्टिक आम्ल होतं. आधी एक कार्बन डायऑक्साइड सोडून मग घेतले की इथेनॉल होतं, म्हणजेच दारू. दह्याचा आंबटपणा, सुराचा चढ, मडक्यावरचा फेस हे सगळं वाहक रिकामे करण्याच्या धडपडीतून आलेलं आहे. आंबवणं, शास्त्रीय भाषेत किण्वन, ते हेच.

किण्वनात साखर अर्धवटच जळते, आणि किती अर्धवट ते आकड्यांत कळतं. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळली तर ६८६ किलोकॅलरी सुटतात. तेवढ्याच ग्लुकोजची दारू केली तर सुटणारी ऊर्जा त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. बाकीची इथेनॉलमध्येच राहते. चमच्यात थोडी फेणी कोमट करून काडी लावा, निळी ज्योत धरेल. ती ज्योत म्हणजे मडक्यातल्या जिवांनी न वापरता सोडलेली साखरेची ऊर्जा. (काजूच्या फेणीत, म्हणजे बोंडांच्या रसात (नीऱ्यात), हे काम मुख्यतः यीस्ट करतं, पण हिशेब तोच.) त्यांनी साखर काटकसरीने वापरली असती तर भाटीत, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीत, घालायला काही उरलंच नसतं. जो जिवाणू जास्त उधळा, तो आपल्या जास्त उपयोगाचा, असं मला तरी या सगळ्यातून दिसतं. झायमोमोनासला मिळालेल्या साखरेतला दोन-तीन टक्केच कार्बन त्याच्या स्वतःच्या अंगी लागतो. उरलेला जवळजवळ सगळा दारू आणि वायू होऊन बाहेर पडतो. म्हणून तर इंधनाचं इथेनॉल बनवू पाहणारे संशोधक त्याच्या मागे लागले आहेत.

सुरात तो एकटा नसतो. ल्युकोनोस्टॉक एकाच ग्लुकोजमधून लॅक्टिक आम्ल, इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड अशा तिन्ही गोष्टी काढतो. इडलीचं पीठ एकाच वेळी फुगतं आणि आंबतं, त्यात त्याचा मोठा हात आहे. लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले काहीजण फक्त लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या रसाचा पीएच सातच्या आसपास असतो, तो चारपर्यंत उतरतो. इतक्या आंबटात बहुतेक इतर जिवाणूंचा टिकाव लागत नाही, म्हणजे उत्सर्जनच प्रतिस्पर्ध्यांवरचं हत्यार होतं. नीरा किंवा गूळ करायचा असेल तर मडक्याला आतून चुना फासतात, तो नेमका याच्या उलट काम करतो. रस अल्कधर्मी राहिला की या मंडळींना जोर धरता येत नाही. माडाच्या गुळासाठी तर हे फार महत्त्वाचं. रस थोडा जरी आंबला तरी सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि कितीही आटवलं तरी गूळ धड वळत नाही.

ऑक्सिजन मिळाला तर चित्र पालटतं. ई. कोलायसारखा जिवाणू पायरुव्हेट पूर्ण जाळतो, पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत. निघालेले इलेक्ट्रॉन पटलातल्या प्रथिनांच्या रांगेतून ऑक्सिजनकडे जातात, आणि जाताना प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉन साचले की त्यांना आत यायचं असतं. परतीची वाट ज्या एन्झाइममधून जाते ते अक्षरशः गोल फिरतं, आणि दर फेऱ्याला तीन एटीपी घडवतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही प्रोटॉनची कल्पना मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळालं. शाळेत आपण एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी असं पाठ केलं होतं. तो आकडा कागदावरचा आहे. प्रत्यक्षात जिवाणूला त्याहून बरेच कमी मिळतात, कारण प्रोटॉन झिरपतात आणि सगळ्यांची इलेक्ट्रॉनची रांग सारखी नसते. तरी एक-दोनच्या तुलनेत ही कमाई कितीतरी पट आहे. हवा मिळाली की कमी साखरेत जास्त वाढ होते, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये यीस्टमध्ये दाखवलं होतं, तेव्हा एटीपीचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

वाढ हा साखरेचा दुसरा उपयोग. ऊर्जेच्या बोलण्यात तो मागे पडतो. कोरड्या वजनात जिवाणूचं निम्मं अंग कार्बनचं असतं, आणि तो कार्बन इथे साखरेतूनच येतो. ग्लुकोज तुटण्याच्या वाटेवर ठिकठिकाणी मधले रेणू काढून घेतले जातात. एका फाट्यावरून डीएनए-आरएनएसाठी रायबोज मिळते, दुसऱ्यावरून सेरीन हे अमिनो आम्ल, पायरुव्हेटपासून ॲलनीन, त्याच्याही पुढून पटलाची स्निग्धाम्लं. जो रेणू बांधकामाला गेला तो ऊर्जेसाठी जळू शकत नाही, म्हणून प्रत्येक पेशीला आपली साखर दोन्हींकडे वाटून द्यावी लागते. हवेत वाढणारा ई. कोलाय मिळालेल्या कार्बनपैकी जवळपास निम्मा अंगी लावतो. झायमोमोनासच्या दोन-तीन टक्क्यांशी हे ताडून पाहा.

पण साखरेत फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. प्रथिनाला नायट्रोजन लागतो, डीएनएला फॉस्फरस. नुसतं साखरपाणी उघड्यावर ठेवलं तर ते सुराच्या वेगाने कधीच आंबत नाही. माडाच्या रसात अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आयती असतात, आणि गोव्याची ऊब असते.

ई. कोलायला पोषक रसा आणि ३७ अंश तापमान मिळालं तर तो वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. फक्त ग्लुकोज आणि क्षार दिले, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्ल त्याला घरीच करायला लावलं, तर वेळ दुप्पट किंवा त्याहून जास्त लागतो. वीस मिनिटांचा वेग २४ तास टिकला तर ७२ वेळा दुप्पट होऊन एका पेशीच्या वंशावळीचं वजन सुमारे ४,७०० टन भरेल (एक पेशी साधारण एक ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग धरून). असं अर्थातच होत नाही. साखर संपते, नायट्रोजन संपतो, आणि बहुतेक वेळा त्याआधी स्वतःचंच आम्ल किंवा दारू अंगावर येते.

समोर दोन तऱ्हेची साखर असली तर? पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, हेच पाहिलं. ग्लुकोज आणि दुधातली लॅक्टोज एकत्र दिली तर ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो. मग वाढ थोडा वेळ थबकते. तेवढ्यात लॅक्टोज तोडायची एन्झाइमं तयार होतात आणि वाढ पुन्हा सुरू होते. १९४१ मध्ये मोनो यांनी याला डायऑक्सी असं नाव दिलं. आपल्या वर आलेल्या हुशार दाराचा इथेही संबंध आहे: ग्लुकोज आत येत असेपर्यंत त्या यंत्रणेतलंच एक प्रथिन लॅक्टोजचं दार अडवून धरतं. जनुकं गरजेप्रमाणे चालू-बंद कशी होतात याचा पहिला स्पष्ट नमुना याच प्रश्नातून निघाला आणि १९६५ मध्ये मोनो, फ्रांस्वा जाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल मिळालं.

एवढी साखर आवडते म्हणून ती वाटेल तेवढी चालते असं नाही. पेरूचं पेराद किंवा चांगला आटवलेला माडाचा गूळ महिनोन्महिने टिकतो. साखर इतकी घट्ट झाली की पाणी तिलाच बांधलेलं राहतं, आणि जिवाणूच्या पेशीतलं पाणीसुद्धा बाहेर ओढलं जातं. साखरेच्या ढिगात बसून तो तहानेनं निकामी होतो. त्याच गुळात पाणी घाला, लगेच कामकाज सुरू.

राहिलं व्हिनेगर. ते करणारे ॲसिटोबॅक्टर मडक्यात पहिल्या दिवसापासून असतात, पण त्यांना दारू हवी असते आणि हवाही, म्हणून त्यांची पाळी शेवटी येते. ते पृष्ठभागावर जमतात. काहीजण तिथे सेल्युलोजचा जाडसर, ओलसर पापुद्रा विणतात आणि त्याच्या आधाराने हवेशी लागून राहतात. इथेनॉल ते पेशीत पूर्ण आत नेतही नाहीत. पटलाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली एन्झाइमं तिथल्या तिथे त्याचं ॲसिटिक आम्ल करतात, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि आम्ल बाहेरच राहतं. हेही अर्धवटच जळणं, म्हणून तर ते आपल्याला मिळतं.

मात्र दारू संपल्यावर हवा मिळतच राहिली, तर काही ॲसिटोबॅक्टर मागे वळून आपलंच ॲसिटिक आम्ल खायला घेतात आणि ते पार कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात. व्हिनेगर दिवसेंदिवस मिळमिळीत होत जातं. म्हणून हवा तेवढा आंबटपणा आला की वरचा पापुद्रा काढून व्हिनेगर गाळावं, बाटली गळ्यापर्यंत भरावी आणि बूच घट्ट लावावं. वर्षभर ठेवायचं असेल तर भरण्याआधी एकदा गरम केलेलं बरं.